त्रिकोणी टाका

ताईने म्हातारीच्या ब्लाउजचं वरचं बटण दोन बोटांत धरलं, मान वाकवली आणि खालचा दोरा दातांनी तोडला. बटण तळहातावर पडलं. पितळेचं होतं, त्यावर बारीक फूल कोरलेलं. तुरुंगाच्या झडतीच्या खोलीत कात्री मागणं म्हणजे आपणहून आत मुक्कामाला जाण्यासारखं, आणि ताईची स्वतःची कात्री, सुया, दोऱ्याची रिळं पिशवीसकट बाहेरच्या कप्प्यात कुलूपबंद होती. राहता राहिले दात. ते अजून शाबूत होते.

"हलू नका, काकू."

काकू हलत नव्हत्याच. समोरच्या भिंतीवर टांगलेल्या नियमांच्या पाटीकडे त्या जणू ती पाठ करायची असल्यासारख्या बघत होत्या.

झालं होतं ते साधंच. चौकटीसारखं उभं केलेलं ते यंत्र काकू त्यातून गेल्या की ओरडायचं. चपला काढल्या, चष्मा काढला, केसांतल्या पिना काढल्या, तरी त्याचं ओरडणं थांबेना. शेवटी झडती घेणाऱ्या बाईने ब्लाउजकडे बोट दाखवलं. बटणं धातूची आहेत, ती काढा नाहीतर घरी जा, इथे नियम म्हणजे नियम, असं तिने सांगितलं. ती काही वाईट बाई नव्हती. दिवसभर दुसऱ्यांचे खिसे उलटे करून करून तिचा आवाज कोरडा झाला होता, एवढंच. काकू दोन्ही हातांनी छातीशी कापड धरून उभ्या राहिल्या आणि रांगेतले सगळेजण एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागले.

ताईची झडती आधीच उरकली होती. तिने सरळ पुढे निघून जायला हवं होतं. पण तिची नजर त्या ब्लाउजवर गेली. तयार कपड्यांच्या दुकानातलं, मुंढा चुकीचा कापलेला, काखेत ओढ बसलेली, आणि त्या गबाळ्या कापडावर इतकी देखणी बटणं. ही मागाहून लावलीत आणि लावणाऱ्याला लावता येत नव्हती, एवढं मनात येईपर्यंत ती मागे फिरून जवळ आलीसुद्धा होती. मग तिने मान वर केली आणि तिला चेहरा दिसला. कापड आधी आणि माणूस मागून, ही तिची जुनी खोड. या खोडीपायी एकदा आयुष्याचं वाटोळं होऊन गेलं होतं, तरी ती सुटत नव्हती.

चेहरा भावाच्या जुन्या दोस्ताच्या, ड्रायव्हरच्या, आईचा होता.

तेव्हा परत फिरणं शक्य नव्हतं, निदान ताईला ते जमलं नाही. तिने शेवटचं बटण तोडलं, आपल्या रुमालाची कड फाडून तिची लांब पट्टी केली, ती काजांतून ओवली आणि खाली गाठ मारली. काकू यंत्रातून गेल्या. ते गप्प राहिलं.

"बटणं हरवू नका," काकू झडतीवाल्या बाईला म्हणाल्या. "माझ्या मुलाने आणलीत. पहिल्या पगारात."

मग ताईकडे न बघता त्या पुढे निघाल्या.

पुढच्या दालनात बाकं होती आणि भिंतीला लावलेला एक पंखा, जो नेमका कुणीच बसलं नव्हतं त्या कोपऱ्याला वारा घालत होता. काकू एका टोकाला बसल्या, ताई दुसऱ्या. दोघी एका गल्लीत राहत, दोघींच्या दारांमध्ये चार घरं, आणि तरी त्या एकमेकींशी बोलल्याला कित्येक वर्षं झाली होती. गल्लीत कुणीच काकूंशी बोलत नसे. ज्या घरातल्या मुलाने पोलिसांसमोर दोस्ताचं नाव घेतलं, त्या घराशी कसलं बोलायचं? ताईच्या वडिलांनी तर दुकानात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की त्या घरचं कापड आता या मशीनखाली येणार नाही. वडील गेले, दुकान ताईकडे आलं, आणि तिने तो हुकूम तसाच चालू ठेवला. काकूंच्या काखेतली ती ओढ म्हणूनच होती. ती बघताना ताईला आपल्याच काखेत काहीतरी रुतल्यासारखं झालं.

काकू इथे आल्या, याचा अर्थ ड्रायव्हर इथे आला. धाकट्याने, म्हणजे ताईच्या भावाने, गेल्या महिन्यातच सांगितलं होतं. ड्रायव्हर होता तो जुना तुरुंग बंद होणार आणि तिथले काही कैदी या कडक पहाऱ्याच्या तुरुंगात हलवणार, अशी आत बातमी होती. काचेपलीकडे बसून, फोन कानाला लावून, तो अगदी मजेत बोलत होता.

"येऊ दे. मीही वाट बघतोय. पहिल्या दिवसापासून."

मग फोनवर बोललेलं ऐकलं जातं हे आठवून तो गप्प झाला, आणि त्याने समोरच्या फळीवर दोन बोटं ठेवली. ती बोटं कात्रीसारखी उघडली, मिटली. शिंप्याच्या घरात वाढलेला मुलगा तो. कापड कापायच्या आधी वडील हातात कात्री नसतानाही बोटांनी तशीच रेघ आखून बघायचे. आत तो शिवणखात्यात कामाला होता. तिथल्या कात्र्या टेबलाला साखळीने बांधलेल्या असतात, असं त्याने पूर्वी कधीतरी हसत सांगितलं होतं. आणि साखळी कुठे कच्ची असते हे तिथल्या जुन्या लोकांना माहीत असतं, असंही.

त्या दिवसापासून ताईच्या डोळ्याला डोळा नव्हता. हातांखालचं काम बिघडत होतं. एका ग्राहकाच्या पॅंटचे दोन्ही पाय तिने डावेच कापले आणि नवं कापड आणून गुपचूप पुन्हा शिवले. आज ती सांगायचं ठरवून आली होती. तसं ती दर खेपेलाच सांगायचं ठरवून यायची. पण आजवर न सांगितल्याने फक्त तिचाच जीव कुरतडला जात होता. आता दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता, आणि त्या जिवाची आई बाकाच्या पलीकडच्या टोकाला रुमालाच्या पट्टीची गाठ मुठीत धरून बसली होती.

कारण ड्रायव्हर काही बोललाच नव्हता.

धाकट्याला पकडलं त्या सकाळी दुकानात एक माणूस आला होता, साध्या कपड्यांतला, सभ्य. ग्राहकांच्या स्टुलावर बसला, कागदात गुंडाळलेलं एक मळलेलं जॅकेट त्याने काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला की असं काम कोण करतं ते शोधतोय, इतकी दुकानं फिरलो, पण कुणालाच सांगता येत नाही. ताई नुकतीच स्वतंत्रपणे कोट शिवायला लागली होती. 'कुणालाच सांगता येत नाही' एवढे शब्द तिला पुरेसे होते. तिने जॅकेट उलटं केलं, आतला खिसा बाहेर ओढला, आणि खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांना तिला तो टाका दिसला: दाट, त्रिकोणी, वडिलांनी शिकवलेला. बाकीचे शिंपी तिथे दोनदा सुई मागेपुढे करून मोकळे होतात. वडील म्हणायचे, माणूस खिशात हात घालतो तो कोपऱ्यावर जोर देऊन, तेव्हा कापड फाटलं तरी चालेल, कोपरा उसवता कामा नये.

"हा टाका आमच्या दुकानाशिवाय कुठेच पडत नाही," ती म्हणाली होती. चांगली मान ताठ करून.

त्या माणसाने कौतुकाने मान हलवली. कुणासाठी शिवलंय ते आठवतं का, असं त्याने विचारलं. ताईने जॅकेट खांद्यांना धरून उचललं. डाव्या खांद्याला आतून जास्तीचा थर भरलेला होता. हातांना ओळख पटली ती अशी, डोक्याने विचार करायची वाट न बघता. डावा खांदा उतरलेला माणूस म्हणजे आमचा धाकटा, असं ती हसत म्हणाली. घरी आहे का तो? नाही, काल रात्रीपासून मावशीकडे गेलाय. एवढं सगळं बोलून झालं, तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं की तो माणूस आता जॅकेटकडे बघतच नाहीये.

आदल्या रात्री गोदामातली तांब्याची तार चोरताना पहारेकरी मध्ये आला, धाकट्याने त्याला ढकललं, तो माल चढवायच्या फलाटावरून डोक्यावर पडला आणि गेला, ही बातमी गल्लीत दुपारी पोचली. पहाटेच गाडीच्या नंबरावरून ड्रायव्हरला उचललं होतं, दुपारी मावशीच्या घरातून धाकट्याला. पहिल्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, हे सगळ्यांना इतकं उघड दिसत होतं की कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढे मावशीच्या अंगणात तार सापडली, धाकट्याने सगळं कबूल केलं, आणि टाक्याबिक्याची कुणालाच गरज पडली नाही. कोर्टात ताईचं नावही निघालं नाही. पहिल्या भेटीत धाकटा म्हणाला होता, ड्रायव्हरनेच घात केला. तेव्हा ताईने मान खाली घातली होती. त्याला वाटलं, तिला दुःख झालंय. आणि ती मान पुढे वर आलीच नाही.

खिडकीतून तिचा नंबर पुकारला गेला.

भेटीच्या खोलीत काचेच्या अलीकडे एक स्टूल, पलीकडे एक स्टूल. दोन्ही हात फळीवर दिसतील असे ठेवायचे, अशी पाटी होती. धाकटा आत आला. तो आल्यावर खोली नेहमीच थोडी लहान वाटे. कानांवरचे केस पांढरे झाले होते. अंगावर तुरुंगाचा सदरा होता, मापाचं नाव नाही. डाव्या खांद्यावरून तो नेहमीसारखाच घसरलेला.

फोन उचलून त्याने विचारलं की बस मिळाली का वेळेवर, दुकान कसं चाललंय, मशीनचा पट्टा बदलला का. ताईने हो म्हटलं, बरं म्हटलं, बदलला म्हटलं.

"रांगेत ड्रायव्हरची आई होती," ती म्हणाली.

"मग कळलंच तुला." तो हसला. "आलाय. भेट झाली आमची, परवाच. अगदी थोडा वेळ. रखवालदार मध्ये आले."

त्याने दोन बोटं फळीवर ठेवली.

"ती बोटं उचल," ताई म्हणाली.

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. तिच्या वडिलांचा असावा तसा होता. धाकट्याने बोटं उचलली आणि चमकून तिच्याकडे पाहिलं.

"त्याने तुझं नाव सांगितलं नव्हतं. मी सांगितलं."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा त्याने ते सरळ झटकून टाकलं. म्हातारीने गळ घातली का, असं त्याने विचारलं. मुलगा इथे आला तशी लागली वाटतं रडायला, आणि तू विरघळलीस. तुझं काळीज आधीपासूनच लोण्याचं. माझ्यासाठी खोटं बोलली असतीस तर समजलं असतं, त्याच्यासाठी कशाला बोलतेस? तो रागावला नव्हता. समजूत घालत होता. ताईला ते रागापेक्षाही असह्य झालं.

मग तिने सांगायला सुरुवात केली. स्टूल, कागदात गुंडाळलेलं जॅकेट, उलटा केलेला खिसा. आपण काय म्हणालो ते, आणि मान कशी ताठ केली तेही. तिने स्वतःला काहीच माफ केलं नाही. सांगताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, त्याच्या सदऱ्याकडे बघत होती, कारण तेवढंच तिला जमत होतं.

"आणि मग खांदा बघितला मी. डाव्या बाजूला मी भर घातली होती ना, ती हाताला लागली. म्हटलं, हा आमचा धाकटा."

काचेपलीकडे धाकट्याचा डावा खांदा हळूच वर आला. त्याला कळलंही नसेल. लहानपणी माप घेताना वडील टेपने टपली मारायचे, "सरळ उभा राहा," तेव्हा यायचा तसाच तो वर आला, आणि ताईने पाहिलं की आता त्याला पटलं.

शेजारच्या स्टुलावर कुणाची तरी बायको मुलाच्या शाळेबद्दल सांगत होती.

"खिसा," धाकटा म्हणाला. "खिसा कसा होता?"

"म्हणजे?"

"उसवला होता का?"

"नाही." ताईला आठवायची गरज नव्हती. "वरचं कापड फाटलं होतं थोडं. कोपरा जागच्या जागी होता."

त्याने मान हलवली. मग तो बोलायला लागला, फोनमध्ये कमी आणि काचेत जास्त. गोदामाचं दार लोखंडी होतं आणि त्याला बाहेर आलेली कडी. पळताना खिसा त्या कडीत अडकला. तो पहारेकरी मागे पडलेला, त्याचा आवाज यायचा थांबलेला. धाकट्याने ओढलं, पुन्हा ओढलं, पाय दाराला लावून ओढलं. दुसऱ्या कुणी शिवलेला खिसा असता तर चिंधी कडीला ठेवून तो निघून गेला असता. शेवटी जॅकेटातून हात काढून घेतले आणि तसाच पळाला.

"फाटेचना, ताई," तो म्हणाला. "मी किती ओढला. बाबांचा टाका."

आणि तो हसला. एवढंसं, नाकातून. ताईलाही हसू आलं, आणि त्याची तिला अशी काही लाज वाटली की तिने तोंडावर हात नेला. लगेच मागच्या रखवालदाराने हात फळीवर ठेवायला सांगितलं. तिने ठेवला.

हसू धाकट्याच्या तोंडावरून गेलं ते परत आलं नाही. तो आपल्या हातांकडे बघत बसला.

"इतकी वर्षं येतेस. दर महिन्याला."

"हो."

"मी त्याला शिव्या घालायचो, आणि तू ऐकत बसायचीस."

"हो."

"परवा त्याचा हात मी दारात..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तो काही म्हणाला नाही. मला वाटलं, मनात चोर आहे म्हणून गप्प आहे."

"त्याला आता काही करू नकोस," ताई म्हणाली. "जे काय असेल ते माझ्यावर काढ."

"तुझ्यावर कसं काढू?" त्याने काचेवर बोटाने टकटक केली. "ही आहे ना मध्ये."

वेळ अजून शिल्लक होता. पुढच्या महिन्यात येऊ का, असं ताईने विचारलं. धाकट्याने फोन कानापासून काढला, तो जागेवर नीट बसतोय ना ते पाहून ठेवला, आणि उठला. आजवर त्याने असं कधी केलं नव्हतं. वेळ संपल्याची घंटा झाल्यावरही तो रखवालदाराने खांद्याला हात लावेपर्यंत बोलत राहायचा. दारातून जाताना त्याने मागे पाहिलं नाही. ताई फोन कानाला लावून तशीच बसून राहिली. ज्या गोष्टीची इतकी वर्षं धास्ती घेतली होती ती झाली होती, आणि तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. तिला फक्त वाटलं की आपला भाऊ आता कुणाचाच नाही, आणि हेही आपल्याच हातून झालं.

बाहेर येऊन तिने कप्प्यातून पिशवी घेतली. बसला अवकाश होता. फाटकाबाहेरच्या शेडखाली एक सिमेंटचा ओटा होता, त्यावर ती बसली. काही वेळाने काकू आल्या. एका हाताने छातीशी कापड धरलेलं, दुसऱ्या मुठीत बटणं. त्या सरळ ताईपाशी आल्या आणि शेजारी बसल्या, इतक्या जवळ की ताईला सरकावं लागलं.

"त्याच्या हाताला बँडेज आहे," काकू म्हणाल्या. "दार लागलं म्हणतो."

ताईला म्हणायचं होतं की माझ्या भावाने केलं ते, आणि त्याच्या आधी मी केलं. पण काकूच पुढे बोलल्या.

"मला दार सांगतो. मी काय दुधखुळी आहे? म्हटलं, आता तरी सांगून टाक त्याला. म्हटलं, तुझा हात मोडला, उद्या मान मोडेल. ऐकतो कुठला."

"काय सांगून टाक?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती, पण कुतूहलही नव्हतं.

"तुझ्या जॅकेटचं. पोलिसांनी त्याला त्याच दिवशी सांगितलं होतं. तू तोंड उघड नाहीतर उघडू नको, आम्हाला आता फरक पडत नाही, तुझ्या दोस्ताच्या बहिणीनेच ओळखलंय म्हणाले. इतका मार खाल्लेला, तरी हा बोलला नव्हता. आणि वर हे ऐकावं लागलं."

ताईच्या हातातली पिशवी ओट्यावरून घसरली आणि दोऱ्याचं एक रीळ घरंगळत गेलं. ती उठली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या भेटीपासून. तुझ्या दुकानासमोरून जाताना रोज वाटायचं, आत शिरावं आणि चारचौघांत सांगावं. एकदा पायरीपर्यंत आले होते. तुझे बाबा होते मशीनवर." काकूंनी नाक ओढलं. "पण त्याने शपथ घातलेली. म्हणतो, त्याला भेटायला एकच माणूस येतं, आई. बायको नाही, पोर नाही. ते एक माणूस कशाला तोडायचं? मला तू आहेस. म्हणतो, लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत, मी आत आहे, मला ऐकू येत नाही. पण मला ऐकू येत होतं ना. मी बाहेर होते."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. ताईला रडू येत होतं, पण या बाईसमोर रडण्याचा आपल्याला हक्क नाही असं वाटून ती ते गिळत राहिली.

"मी आज सांगितलं त्याला," शेवटी ती म्हणाली.

काकूंची मूठ घट्ट झाली. "काय सांगितलंस?"

"सगळं. तुमच्या मुलाने काही केलं नाही, मी केलं, असं."

"मग?"

"फोन ठेवला त्याने. उठून गेला."

काकू फाटकाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मऊ झाला नाही. पण छातीशी कापड धरलेला हात थोडा सैल झाला, आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला. आत बसलेल्या मुलाचा बँडेज बांधलेला हात आता बहुतेक तेवढ्यावरच निभावणार, हे त्यांना कळलं असावं. मग त्यांनी मूठ उघडली आणि बटणं ताईच्या मांडीवर ठेवली.

"ही लाव. धरून धरून माझा हात दुखायला लागला."

ताईने रीळ उचलून आणलं. सुई काढली. दोरा ओवताना तिला तीनदा प्रयत्न करावा लागला, आणि काकू दुसरीकडे बघत होत्या त्याबद्दल तिला बरं वाटलं. रुमालाची पट्टी तिने सोडवली, वरचं बटण जागेवर धरलं आणि टाके घालायला सुरुवात केली. काखेतली ती ओढ जवळून आणखीच वाईट दिसत होती. हे एकदा दुकानात घेऊन या, असं म्हणावंसं तिला वाटलं, पण ते तिने नंतरवर ठेवलं. हात आपल्या सवयीने चालू लागले: एकदा आडवा, एकदा उभा, खाली दोऱ्याचे वेढे, आणि शेवटी वडिलांच्या पद्धतीची ती गाठ, जी कापल्याशिवाय सुटत नाही.

"इतकं पक्कं नको लावू," काकू म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात परत तुलाच काढायचीत."

ताईची सुई थांबली. तिने खाली वाकून पाहिलं, गाठ अजून ओढलेली नव्हती. सुईच्या टोकाने तिने ती सोडवली, दोरा नुसता दोनदा खालून फिरवला आणि सैल ठेवला. मग तिने दुसरं बटण घेतलं.